तीनशे बारा सापडली

थांबा! ही खिडकी बंद करू नका.

खुर्ची अजून उबदार होती. दादा नुकतेच डबा धुवायला मोरीकडे गेले होते आणि मालकीण बिलं करायला त्यांच्या जागी बसली होती. फाइल उघडायच्या आत स्क्रीनच्या मधोमध एक लाल चौकोन उगवला. वर ढालीचं चित्र, ढालीवर उद्गारचिन्ह.

*इशारा! या संगणकावर आक्षेपार्ह चित्रे असण्याची शक्यता आहे. हा संगणक तुमची मुले वापरतात का?*

खाली दोन बटणं. एकावर 'आत्ता मोफत तपासा'. दुसऱ्यावर 'मला काळजी नाही'.

आता कुठली आई 'मला काळजी नाही' दाबेल?

तिने तपासलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. पट्टीखालून फाइलींची नावं इतक्या वेगाने पळत होती की एकही वाचता येईना. मध्येच पट्टी अडली, काहीतरी जड हाताला लागल्यासारखी. मग पुन्हा सरकली. मग थांबली.

*तपासणी पूर्ण. आक्षेपार्ह चित्रे सापडली: ३१२.*

तीनशे नाही. तीनशेच्या आसपास नाही. तीनशे बारा. कुणीतरी एकेक करून मोजल्यासारखी.

खाली पुसट चौकोनांची एक रांग होती, गुलाबी, तपकिरी, धुक्यातून पाहिल्यासारखी. *स्पष्ट पाहण्यासाठी पूर्ण आवृत्ती घ्या.* मोरीत नळ चालू होता. तिने पर्समधून कार्ड काढलं, आकडे भरले, एकदा चुकले, पुन्हा भरले. चौकोन लालाचा हिरवा झाला.

*अभिनंदन! ३१२ पैकी ३१२ चित्रे कायमची नष्ट केली आहेत. तुम्ही सुरक्षित आहात.*

तिला पाहायचं होतं. पुसायचं नव्हतं.

नळ बंद झाला. दादा डबा पुसत आत आले. "काय गं, भूत बघितलंस की काय?"

"बिलं," ती म्हणाली.

तपासणी सुरू आहे. कृपया प्रतीक्षा करा.

(तोवर ही माणसं कोण ते सांगायला हवं.)

दातांची लॅब. तळमजल्यावर दोन खोल्या. दंतवैद्यांकडून पेशंटच्या तोंडाचे ठसे येतात आणि इथून दात जातात: कॅपा, ब्रिज, कवळ्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टर आणि घासाई. घासाईला बसते ती खरखरमावशी. नाव तिच्या मशीनवरून पडलं की तिच्या गळ्यावरून, हे आता कुणालाच आठवत नाही. आतल्या खोलीत भट्टी, दादांचं रंगकामाचं टेबल आणि त्याला काटकोनात कॉम्प्युटर.

लॅब मालकिणीच्या वडिलांनी काढली. दादा तेव्हापासूनचे. चिनी मातीची पावडर पाण्यात कालवून ते बारीक ब्रशने थरावर थर चढवतात, भट्टीत भाजतात, पुन्हा चढवतात, आणि कुणाचा तरी पुढचा दात तयार होतो. मागचे दात कुणीही करतं. पुढचे दादांचे. मालकिणीलाही हे काम त्यांनीच शिकवलं, ती शाळेच्या गणवेशात यायची तेव्हा. "पांढराशुभ्र करशील तर खोटा दिसेल बरं का. एक डाग ठेव. एक बारीकशी चीर दे. लोक डागावर विश्वास ठेवतात."

आता गणवेशात मालकिणीची मुलगी येते. आठवीतली. तिला सगळे चिमणी म्हणतात. शाळा सुटली की ती थेट लॅबवर येते, दादांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर दप्तर टाकते आणि त्यांना लागून बसते. दोघांची संध्याकाळपर्यंत कुजबुज चालते. ती त्यांना मामा म्हणते. सख्खा मामा तिला नाही.

एवढंच. पट्टी भरली.

तुमच्या मुलांशी आजच बोला.

"चिमणे, दादांच्या शेजारी बसून तुम्ही काय बघत असता गं?"

"कुठे काय?"

"कॉम्प्युटरवर."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. आई, भात करपतोय."

"करपू दे. इकडे बघ. मामा तुला काही दाखवतात का?"

"..."

"चिमणी."

"मी सांगणार नाही. मी प्रॉमिस केलंय."

"[                              ]"

"शी! आई!"

"ओरडू नकोस. मी विचारतेय तेवढ्याचं उत्तर दे."

"शी! तू किती घाण आहेस!"

दार आपटलं. भात करपला होता.

सखोल तपासणी

*तपासलेली जागा:* दादांची डब्याची पिशवी, ते मोरीकडे गेल्यावर.
*सापडलं:* डबा. रुमाल. डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली.
*धोका:* नाही.

*तपासलेली जागा:* कॉम्प्युटरवर कुणी काय काय उघडलं त्याची यादी.
*सापडलं:* सकाळचं आहे, संध्याकाळचं आहे. दुपारचं सगळं पुसलेलं.
*धोका:* तीव्र.

*तपासलेली जागा:* स्क्रीनची दिशा.
*सापडलं:* दादा बसले की भिंतीकडे.
*धोका:* तीव्र.

*तपासलेली जागा:* दादांचा चेहरा, चिमणी दारातून आत येते तेव्हाचा.
*सापडलं:* खुलतो.
*धोका:* हे पाहून इतकी वर्षं बरं वाटायचं. आता

*तपासलेली जागा:* मागचं. चिमणी चार वर्षांची असताना दादांनी तिला मेणाचा उंदीर करून दिला होता आणि ती तो उशाशी घेऊन झोपायची.
*सापडलं:* ठरवता येत नाही.

तपासणी इथेच थांबवायला हवी होती. पण ही एकदा सुरू झाली की थांबवायचं बटण सापडत नाही.

संरक्षण चालू केले आहे.

"चिमणी, तू आजपासून बाहेर बसायचं."

"का?"

"आत भट्टीची गरमी होते."

"मला नाही होत."

"मला होते."

खरखरमावशीने मशीन थांबवून गॉगल कपाळावर चढवला. "भट्टी काय आज पेटली होय? ये गं बाय, माझ्यापाशी बस. इथे नुसता आवाज आहे. अभ्यास झाला नाही तर नाव मशीनचं सांगायचं."

आत दादांचा ब्रश हवेतच राहिला होता. चिमणीने दारातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बस म्हणून, आणि पुन्हा दातावर वाकले. नेहमीपेक्षा जास्त वाकले. थोड्या वेळाने सवयीने हाक मारली, "चिमणे, जरा बघ गं हे..."

"काय हवंय दादा? मी बघते," मालकीण म्हणाली.

"काही नाही. राहू दे."

हेही 'काही नाही'. दोघांचं सारखंच 'काही नाही'.

त्यानंतर दादांचे दात परत यायला लागले.

असं कधी झालं नव्हतं. बाकीच्यांचं काम परत येतं, ब्रिज बसत नाही, कॅप उंच होते. दादांचं काम जातं ते जातंच. आता एक आला, मग दुसरा. आकार अगदी नेमका, बसतो छान, पण रंग चुकलेला. तिसरा एका गाणाऱ्या बाईंचा होता, अगदी समोरचा. क्लिनिकमधून फोन आला की बाईंनी आरशात पाहिलं आणि रडायलाच लागल्या. शेजारच्या जिवंत दातांमध्ये मेलेला दात उभा केल्यासारखा दिसतोय.

मालकीण तो दात तळहातावर घेऊन आत गेली.

तुम्हाला खात्री आहे का?

"दादा, हे काय आहे?"

त्यांनी दात घेतला, खिडकीपाशी नेला, इकडून तिकडून फिरवला. "बरा दिसतोय की."

"बरा? करडा दिसतोय हा. त्यांचे दात पिवळसर आहेत. एवढा फरक चिमणीलासुद्धा कळेल."

चिमणीचं नाव आलं तसे ते एकदम वळले. मग पुन्हा खिडकीकडे.

"लक्ष कुठे असतं तुमचं?"

"लक्ष इथेच आहे."

"मग दुपारी काय बघत असता तिथे?"

"कुठे?"

"तिथे. स्क्रीन भिंतीकडे करून. मागचं सगळं पुसून ठेवता ते."

बाहेर मशीन बंद झालं. खरखरमावशी मशीन फक्त दोनदाच बंद करते, जेवायला आणि ऐकायला.

"मी बघितलंय दादा. त्या कॉम्प्युटरवर घाणेरडी चित्रं होती. तीनशे बारा. माझी पोर तिथे बसते आणि तुम्ही..." पुढचा शब्द तिला आला नाही. तो आला नाही म्हणूनच खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

दादांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग भिंतीकडे. भिंतीकडे बराच वेळ. मग टेबलावरच्या ट्रेकडे, जिथे प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवले होते. आणि अचानक ते हसले.

"अगं वेडे! तोंडं ती!"

"काय?"

"आपली तोंडं! पेशंटचे फोटो येतात ना, रंग जुळवायला. ओठ बाजूला ओढलेले, गुलाबी हिरड्या, जीभ, ओलंचिंब सगळं. त्या यंत्राला काय कळतंय? त्याला नुसतं गुलाबी कातडं दिसलं. मोजलं आणि मारली बोंब."

मालकीण त्यांच्याकडे पाहत राहिली. पुसट चौकोन तिला आठवले. गुलाबी, तपकिरी. हो. असं असू शकतं. असंच असणार! तिने खुर्ची ओढली आणि बसली.

दारातून खरखरमावशीचं डोकं आत आलं. "अगं बाई! म्हणजे मी जन्मभर अश्लील धंद्यात आहे म्हणायची. आणि सासूला सांगत आले की कवळ्या घासते."

मग तिघंही हसले. मालकीण हसता हसता डोळे पुसायला लागली. "दादा, मी काय काय विचार केला, तुम्हाला काय सांगू."

"नको सांगूस," दादा म्हणाले.

नवीन धोका आढळला.

कुलूप लावताना तिचा फोन वाजला. क्लिनिकमधून फोटो आला होता: ओढलेले ओठ, हिरड्या, एक तुटका दात, शेजारी धरलेली रंगाची पट्टी. नेहमीसारखा.

नेहमीसारखा, फोनवर.

तिचा हात कुलपावरच राहिला. फोटो फोनवर येतात. फोन तिच्याकडे असतो, ती तो दादांसमोर धरते आणि काम झालं की फोटो काढून टाकते. त्याआधी, वडिलांच्या काळात, क्लिनिकचा माणूस पाकिटातून छापील फोटो आणून द्यायचा. कॉम्प्युटरवर फक्त बिलं.

त्या कॉम्प्युटरवर एकही तोंड नव्हतं. कधीच नव्हतं.

म्हणजे तोंडांची गोष्ट दादांनी जागच्या जागी रचली. रचायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते भिंतीकडे पाहत होते. आणि ती हसली होती. रडलीही होती. आतापर्यंत संशय होता. आता तिच्याकडे एक खोटं होतं, हातात धरता येईल असं.

सकाळी तिने आरडाओरडा केला नाही. चहा दोघांसाठी केला, त्यांचा कप नेहमीच्या जागी ठेवला आणि मग म्हणाली, "दादा, तुम्ही आता सकाळीच येत जा. दुपारपर्यंत काम उरकून घ्या."

"दुपारी काय झालं?"

"काही नाही."

"चिमणी यायच्या आत जायचं, असं म्हणतेयस?"

तिने त्यांचा कप थोडा पुढे सरकवला.

"असं सरळ म्हण."

"फोटो कॉम्प्युटरवर नसतात, दादा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं, हे तिला दिसलं. आणि ते त्यांनी गिळलं, हेही दिसलं. उघड्या तोंडांचीच कामं करत ती मोठी झाली होती.

दादांनी ब्रश पाण्यात खळबळवला, ओठांत धरून त्याचं टोक नीट केलं. तो ब्रश नेहमी टेबलावरच्या ग्लासात उभा असायचा. तो त्यांनी खिशात ठेवला.

"मग सकाळीपण नको," ते म्हणाले.

चहाला साय धरली होती.

[ आत्ता साफ करा ]   [ नंतर आठवण करून द्या ]

गाणाऱ्या बाईंचा दात शेवटी मालकिणीने स्वतः केला. रंग बरोबर होता. तरी खोटा दिसत होता, अंगाला न लागलेल्या नव्या शर्टासारखा. तिने तो डबीत घातला आणि क्लिनिकवर घेऊन गेली.

काउंटरवरच्या मुलीने डबी घेतली. "एक मिनिट हं ताई, पावती देते. अरे देवा, हे भूत परत आलं!"

तिने स्क्रीन कौतुकाने मालकिणीकडे फिरवला.

लाल चौकोन. ढाल. *आक्षेपार्ह चित्रे सापडली: ३१२.*

"तीनशे बारा! कधीही बघा, तीनशे बाराच. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, या महिन्यात एखाद-दुसरं तरी कमी करा. असे लाल झाले!"

"म्हणजे... तपासून नाही येत ते?"

"कसली तपासणी घेऊन बसलात! माझ्या चुलतभावाने नवीन कॉम्प्युटर घेतला. खोक्यातून काढला, नेट जोडलं, आणि तीनशे बारा. अजून त्याने एक अक्षर टाइप केलं नव्हतं. माणसाला घाबरवायचं आणि कार्ड काढायला लावायचं, बस. कुणी कार्ड काढत असेल का हो पण?"

मालकिणीने पर्स काखेत घट्ट धरली.

"फुली शोधायची, एवढंच. ती बघा, कोपऱ्यात. राखाडीवर राखाडी लपवून ठेवलीय लबाडांनी. नाहीतर हे दाबायचं." तिने 'मला काळजी नाही' दाबलं. चौकोन गेला. मागे अपॉइंटमेंटांचा तक्ता होता तसाच. "मी तर रोज दाबते. मला नाहीच काळजी. ताई? पावती."

पायऱ्या उतरता उतरता तिला जिन्यात थांबावं लागलं.

तीनशे असतं तर तिने विश्वास ठेवला नसता. पाचशे असतं तर हसली असती. कुणीतरी कुठेतरी खुर्चीत बसून तीनशेवर हे बारा लावले होते. सरळ जाणारी पट्टी मध्येच अडवली होती. एक डाग, एक बारीकशी चीर. आणि ती, चिनी मातीच्या दातावर रोज स्वतःच्या हाताने डाग देणारी, त्या डागाला भुलली होती.

तुम्ही वगळलेल्या गोष्टी

शाळेच्या फाटकापासून चिमणी तिच्या चार पावलं पुढे चालत होती. मामा यायचे बंद झाल्यापासून ती अशीच चालायची.

"चिमणे, थांब. माझी चूक झाली. मामांनी काही केलं नव्हतं. कॉम्प्युटर खोटं बोलत होता."

"मला माहितीये."

"तुला कसं माहीत?"

"मामा तसले नाहीत म्हणून." ती थांबली, पण वळली नाही. "मामा ठिपके बघायचे."

"कसले ठिपके?"

"गोल असतो मोठा. त्यात रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. मला लगेच दिसायचा. मामांना नाही दिसायचा. ते रोज बघायचे, आज तरी दिसतोय का म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना, आतून जातंय म्हणून. ऑपरेशन-बिपरेशन काही नाही त्याला."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मालकीण बाजूला झाली नाही, सायकलच झाली.

"आणि तू..."

"मी सांगायचे त्यांना. मामा, खाली हिरडीपाशी पिवळं कमी पडलंय. मामा, टोक निळं झालंय. ते म्हणायचे, आईला सांगू नकोस, नाहीतर माझे हात घरी बसतील." आता ती वळली. "तू मला बाहेर बसवलंस ना. मग त्यांना कोण सांगणार होतं?"

"मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस? एवढं सगळं झालं नसतं."

"तू हे कुठे विचारलंस?" चिमणीचा आवाज फाटला. "तू विचारलंस, मामा तुला हात लावतात का."

ती चालायला लागली. आता सात-आठ पावलं पुढे.

हरवलेली वस्तू परत मिळवा.

दादांची खोली चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानावर होती. एक खाट, एक टेबल, टेबलावर ब्रश आणि चष्मा. ती आत आल्यावर दार लोटायला गेली.

"उघडं राहू दे," दादा म्हणाले.

ती दार तसंच ठेवून उभी राहिली. सगळं एका दमात सांगितलं: क्लिनिक, चुलतभाऊ, खोका, बारा. "सगळ्यांकडे तीनशे बाराच येतात, दादा. ते खोटं होतं."

"मला काय सांगतेस? मला ठाऊकच होतं."

"मग ते तोंडांचं कशाला रचलंत?"

"मला वाटलं, फोनवरचं तिथेही जात असेल, खरंच तोंडंच असतील. नंतर वाटलं, नसतील तरी चालेल, तू हसलीस ना." त्यांनी ब्रश उचलून पुन्हा खाली ठेवला. "ठिपक्यांचं सांगितलं असतं तर काम गेलं असतं. म्हटलं, काम वाचवू. नाव जाईल असं कुठे वाटलं होतं? तुझ्याकडे तर नाहीच."

खालून चावी कापायचा आवाज आला, बारीक, कडू.

"परत या. रंग मी बघेन. तुम्ही आकार करा. मी बसेन शेजारी."

"तू?" ते हसले, या वेळी मनापासून, पण एकटेच. "मला असलेलं दिसत नाही आणि तुला नसलेलं दिसतं. बरी जोडी जमेल."

तिला हसता आलं नाही. तिने खाली पाहिलं.

"चिमणीला विचार," दादा म्हणाले. "माझ्याशेजारी बसायचं का ते. माझ्यासमोर नाही, घरी विचार. ती नाही म्हणाली तर मला निरोप पाठवू नकोस. मी समजेन."

चिमणीने जेवताना उत्तर दिलं, ताटातून मान वर न करता. "मी बसेन. पण तू सारखं आत बघायचं नाहीस."

"नाही बघणार."

"नक्की?"

"नक्की."

तुमचे संरक्षण संपत आले आहे.

दादा आले त्या दिवशी खरखरमावशीने मशीन मुद्दाम जोरात चालवलं. "या! तुम्ही नव्हतात तर बाईंनी एक दात केला, बघवेना. पेशंट म्हणाल्या, यापेक्षा मेलेला बरा होता." दादा म्हणाले, "माझं काम बिघडलं तरी मागणी आहे म्हणायची." ब्रश ग्लासात उभा राहिला. चिमणीने दप्तर टेबलाच्या कोपऱ्यावर टाकलं.

मालकीण भट्टीपाशी उभी राहून तापमान वाढताना पाहत होती. टेबलापाशी कुजबुज सुरू झाली. खाली पिवळं. अजून थोडं. बास, बास. ती ऐकत होती आणि तिला बरं वाटत होतं. मग कुजबुज थांबली. तिने वळून पाहिलं नाही. शांतता लांबली. तरी नाही.

"मालकीणबाई," दादांनीच हाक मारली. "इकडे ये."

ते कॉम्प्युटरपाशी बसले होते, चिमणी शेजारी. त्यांनी दोन्ही हातांनी स्क्रीन भिंतीकडून सोडवून पूर्ण खोलीकडे फिरवला होता, बाहेरून खरखरमावशीलाही दिसावा इतका. त्यावर ठिपक्यांचा गोल होता. हिरव्यात केशरी.

"दिसतो आकडा?"

तिला सात दिसत होता. स्वच्छ, ढळढळीत.

"दिसतो," ती म्हणाली.

"हं." ते गोलाकडे पाहत राहिले. "मला नुसती पुरळ दिसते."

तेवढ्यात गोलावर चौकोन आला. या वेळी पिवळा. *तुमचे संरक्षण लवकरच संपेल. तुमची मुले पुन्हा धोक्यात आहेत. आत्ता नूतनीकरण करा.* तिघांनीही तो वाचला. कुणी हसलं नाही. दादांनी माउस धरला आणि बाण चौकोनावर इकडे तिकडे फिरवायला लागले. कोपऱ्यापर्यंत नेला, परत आणला.

"ती फुली कुठेय गं? मला नाही दिसत."

"इथे, मामा." चिमणीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि माउस हळूहळू कोपऱ्याकडे न्यायला लागली.

मालकिणीने पाहिलं. मग भट्टीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

दादांची नजर तिच्यावरच होती. त्यांनी चिमणीच्या हाताखालून आपला हात अलगद काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. माउस चिमणीच्या एकटीच्या हातात राहिला. तिने फुली दाबली.